राबाच्या दिवसांतली हवा

होळी होऊन आठ-दहा दिवस झाले की शहापूरच्या आमच्या घरात मागच्या खिडकीतून धुराचा वास येऊ लागतो. पूर्वी तो तिन्ही बाजूंनी यायचा. आता फक्त डोंगराकडून येतो आणि तोही रोज नाही. बायको खिडकी लावून घेते, कारण दोरीवरच्या कपड्यांवर राख बसते. ती स्वयंपाकघरात गेली की मी खिडकी पुन्हा उघडतो. इतक्या वर्षांत यावर आमच्यात एकदाही बोलणं झालेलं नाही. तिला कारण माहीत आहे.

हा राबाचा धूर. भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर आधी शेण पसरतात, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. मग एका कडेने पेटवतात. वर माती असल्यामुळे भडका होत नाही, दिवसभर नुसतं धुमसत राहतं. एका आठवड्यात शेणवे गावापासून मुरबाडच्या डोंगरापर्यंत सगळ्यांचे राब पेटले की दुपारी चार वाजता सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. तेव्हा श्वास घेतला की घशात काहीतरी कोरडं, पिठासारखं उतरतं. लहानपणी आम्हाला ते कळायचंही नाही. हवा अशीच असते असं वाटायचं.

मी कारखान्यात मापं तपासणारा माणूस. तयार झालेला भाग ठरलेल्या मापात आहे की नाही एवढंच बघायचं आणि लिहायचं, हीच माझी नोकरी. २००४ च्या उन्हाळ्यात मी या धुराच्या हवेचंही एका परीने माप घेतलं. ते बरोबर घेतलं होतं. तरीही आक्काचं घर माझ्यामुळे सुटलं.

आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. सतराव्या वर्षी लग्न होऊन वरच्या वाडीला गेली. शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या डोंगरात ही वाडी एखाद्या परातीत ठेवल्यासारखी आहे. चहूबाजूंनी चढ. बाहेर पडायचं तर आधी खिंड चढायची आणि मग पलीकडे डांबरी रस्त्यापर्यंत उतरायचं. अंतर तीन किलोमीटर चारशे मीटर. सायकलच्या चाकाला फडकं बांधून, ती ढकलत नेऊन, फेरे मोजून मी ते काढलं होतं. तेव्हा तिथे रस्ता नव्हता, मुरमाची वाट होती.

आदल्या दिवाळीत तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं. सोमवारी आणि गुरुवारी कल्याणला जाऊन चार-चार तास मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं. त्यासाठी ती थंडीभर आमच्याकडे राहिली. दारातून जीप मिळायची, सगळं वेळेवर व्हायचं. मला वाटलं, आता हे असंच चालेल. होळीच्या दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली.

"बबन, मी आता वर जातंय."

"वर? मग सोमवार-गुरुवार तुला खाली कोण आणणार?"

"ते तू बघ. तू आकड्यांचा माणूस. मला राब भाजायचाय."

"राब दाजी भाजतील की."

"तुझे दाजी राब भाजतात का जाळतात, ते मी तेवीस वर्षं बघतंय."

माझी बायको म्हणाली, "वन्सं, इथं काही कमी पडलं का?"

"कायच नाय गो. तू तर लेकीसारखं केलंस." आक्काने पिशवीची गाठ मारली. "पण इथं मी पाहुणी हाय. पाहुणीनं किती दिवस बसायचं?"

ती बरी होणार नव्हती, हे तिला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. जे दिवस उरले ते आपल्या उंबऱ्याच्या आत काढायचे, एवढंच तिचं मागणं. त्यात अडचण एकच होती, तीन किलोमीटर चारशे मीटरची.

वाडीत कोणी आजारी पडलं तर डोली करतात. एक मजबूत बांबू, त्याला बांधलेली चादर, आत माणूस आणि चार खांदे. बाळंतीण असो, साप चावलेला असो, चौघं कामं टाकून येतात आणि खाली रस्त्यापर्यंत पोचवतात. कोणी त्याचे आभारही मानत नाही, इतकं ते गृहीत धरलेलं असतं. पण डोली अडल्या वेळेला असते. आठवड्यातून दोनदा ती मागता येत नाही. मागितली तर माणसं नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणूनच ती मागता येत नाही. मोटरसायकलवरून एकदा नेऊन पाहिलं. मशीनवरून आलेली, चक्कर येत असलेली बाई मुरमावरून घसरणाऱ्या मोटरसायकलवर मागे कशी टिकणार? दोघंही पडलो. तिचा कोपर सोलला.

दाजी मुरबाड रस्त्याच्या एका फार्महाऊसवर देखरेखीचं काम करायचे. तिथल्या मुंबईच्या मालकाने मुलांसाठी दोन चारचाकी गाड्या आणल्या होत्या. गाडी म्हणजे मोटरसायकलसारखी सीट आणि हँडल, पण खाली चार जाड फुगीर टायर. मुलं मोठी झाली, त्यांची हौस फिटली. एक गाडी शेडमध्ये गंजत पडली होती. दाजींनी विचारलं, तर मालक म्हणाले, घेऊन जा. दीडशे सीसीचं इंजिन, परदेशी बनावट. पुस्तक नाही की सुटे भाग नाहीत. पण मुरमावर ती घसरत नव्हती. मागे वेल्डिंग करून पाठ टेकायला एक चौकट बसवली. वाडीतल्या बायकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, खेकडा.

आक्का त्यावर बसताना म्हणाली, "लग्नात घोडा नाय मिळाला, आता खेकडा मिळाला. घे, चालव."

पहिल्याच फेरीला खेकडा खिंडीच्या मध्यावर गुदमरला. धक्के देत, ढकलत वर पोचायला एकेचाळीस मिनिटं लागली. आक्का मागे बसून होती आणि दाजी नि मी ढकलत होतो. घरी सीट काढून बघितलं तर कारण समोरच होतं. हवा आत घेणारा डबा सीटखाली, मागच्या दोन चाकांच्या मधोमध होता. चाकांनी उडवलेली धूळ आणि वाडीभर उडणारी राख, दोन्ही त्यातच जात होतं. आतला स्पंज पिळला तर करड्या पिठासारखा लगदा निघाला.

किन्हवली रस्त्याला बाळू मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्याने लगदा बोटावर घेतला आणि हसला.

"बबनभाऊ, ही मशीन समुद्राच्या वाळूवर पोरांनी खेळायला बनवल्येली. तुमी तिला चुलीत घातलीत."

"मग काय करू?"

"नाक वर काढा तिचं. दुसरं काय?"

आम्ही तो डबा काढूनच टाकला. त्याच्या जागी दोन इंची नळी जोडली, ती हँडलच्या मागून उभी वर नेली, बसणाऱ्याच्या खांद्याएवढी. लांबी एक मीटर बारा सेंटिमीटर. वर ट्रॅक्टरला असते तशी छत्री आणि तिच्या खाली एका जुन्या जीपचा मोठा फिल्टर. सांध्यांना रबर आणि क्लिपा. सांधे गळत नाहीत ना, हे बघायला बाळूने इंजिन चालू ठेवून उदबत्ती पेटवली आणि प्रत्येक सांध्याजवळून फिरवली. जिथे धूर आत ओढला जाईल तिथे गळती. दोन ठिकाणी ओढला गेला. ते सांधे पुन्हा केले. इतकी साधी आणि इतकी अचूक तपासणी मी आमच्या कारखान्यातही पाहिली नव्हती.

मग वेगळीच गंमत झाली. हवा भरपूर मिळू लागली, पण पेट्रोल तेवढंच राहिलं. इंजिन फटफट आवाज काढू लागलं, नको तेवढं तापू लागलं. कार्ब्युरेटरमध्ये एक पितळेचा बारीक तुकडा असतो, तांदळाच्या चार दाण्यांएवढा. त्याला जेट म्हणतात. त्याच्या मधल्या छिद्रातून पेट्रोल येतं. त्यावर आकडा कोरलेला असतो. आमच्या जेटवर १०५ होता, म्हणजे छिद्र एक पूर्णांक पाच शतांश मिलिमीटर. पुढचे जेट ११०, ११५, १२०. हे सगळं कळलं त्या दिवशी मला आनंद झाला, हे कबूल करतो. चार-पाच महिने मी डॉक्टरांच्या कागदांवरचे आकडे बघत होतो. त्यातल्या एकाही आकड्याला मी हात लावू शकत नव्हतो. हा आकडा माझ्या हातातला होता.

मोठे जेट कल्याणला मिळाले. आक्का मशीनवर झोपलेली असायची ते चार तास मी सुट्या भागांच्या दुकानांतून हिंडायचो. कुठल्या तरी मोटरसायकलचे जेट आमच्या कार्ब्युरेटरला बसतील का, हे एकेक लावून बघायचो. परत आलो की तिची पट्टी बांधून झालेली असायची.

"कुठं होतास?"

"जेट शोधत होतो."

"गावला?"

"गावला."

"बरं झालं."

किती पेट्रोल बरोबर, हे ओळखायची खूण बाळूने शिकवली. खिंड चढून वर आलं की लगेच इंजिन बंद करायचं आणि स्पार्क प्लग काढून त्याचं टोक बघायचं. "सफेद असला तर मशीन उपाशी. काळा असला तर अजीर्ण. चहाच्या रंगाचा पायजे."

"कुठल्या चहाच्या? तुझ्या का माझ्या?"

"टपरीवरच्या. तुमच्या घरचा चहा म्हंजे नुसता दूध."

आणि त्याने एक नियम घालून दिला. दर पंधरा दिवसांनी प्लग काढून बघायचा. मी वही केली. तारीख, जेटचा आकडा, चढायला लागलेली मिनिटं, प्लगचा रंग. १२० च्या जेटवर रंग टपरीच्या चहासारखा आला. एकेचाळीस मिनिटांची सव्वीस झाली, मग एकोणीस.

ते दिवस आठवतात तेव्हा सगळ्यात आधी आठवते ती सकाळची साडेसहाची खिंड. गुरुवारी माझी साप्ताहिक सुट्टी, म्हणून मी बुधवारी कामावरून परस्पर वाडीला यायचो. सोमवारी दाजी न्यायचे, गुरुवारी मी. मी चालवायचो, आक्का मागे, दाजी चालत मागून. परतताना ती थकलेली असायची. बोलायची नाही. खिंडीच्या चढाला तिचं डोकं माझ्या पाठीवर टेकायचं आणि वाडी दिसली की उचललं जायचं. घराच्या दिशेने उतरू लागलो की तिला कुठून ताकद यायची कोण जाणे. "हरीनं अजून पाला नाय टाकला बघ," "ती गाय कोणाची शिरली रे," असं मागून सुरू व्हायचं.

तिला दिवसाला सातशे मिलिलिटर पाणी पिण्याची परवानगी होती. मी एका बाटलीवर तेलरंगाने रेघा मारून दिल्या होत्या. चैत्रातल्या उन्हात सातशे मिलिलिटर म्हणजे काय, हे मी स्वतः एक दिवस करून बघितलं. दुपारी दोनला मी हरलो. ती रोज करत होती. फळं बंद होती. एकदा परतताना खिंडीच्या जाळीत करवंदं पिकलेली तिने पाहिली आणि माझा शर्ट ओढला. मी थांबलो. तिने बसल्या जागेवरून हात घालून दोन तोडली, तोंडात टाकली आणि बोटं चाटली.

"वही काढ तुझी. लिही, दोन करवंदं."

"आक्का, डॉक्टरांनी सांगितलंय..."

"त्यांना बी सांग. म्हणावं, गोड व्हती."

तिचा राब चैत्राच्या शेवटी भाजला. तिला धुरात जायला मनाई होती, म्हणून दाजींनी तिच्यासाठी बांधावर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, पाट ठेवला. तिथे बसून ती ओरडत होती, "तिकडं माती कमी पडली, जाळ होईल. अहो, तिकडं! उजवा हात कुठला तुमचा?" दाजी म्हणाले, "येवढं ओरडायला श्वास पुरतो, मग मशीन कशाला लागते हिला?" पेटवायच्या वेळेला मात्र ती उठली. कोणाचंही ऐकलं नाही. पलिता घेऊन कोपऱ्यातून लावला आणि परत येऊन पाटावर बसली. घामाने चेहरा चमकत होता. संध्याकाळपर्यंत ती तिथेच बसली होती, धूर सरळ वर जातो की पसरतो ते बघत. मी तिला बऱ्याच वर्षांत इतकी निवांत पाहिली नव्हती. आमच्या घरी ती चार महिने होती, पण अशी बसलेली मला आठवत नाही.

वैशाखात प्लग काळा येऊ लागला. मी चक्रावलो नाही, त्याचं कारण उघड होतं. ऊन वाढलं की हवा विरळ होते. शिवाय आता खोऱ्यातले सगळे राब एकदम पेटले होते. फिल्टर कितीही झटकला तरी दोन फेऱ्यांत राखेने भरायचा. हवा कमी, म्हणजे त्या मानाने पेट्रोल जास्त. १२० चा जेट आता मोठा पडत होता. मी ११० चा जेट घेतला आणि कारखान्यातल्या बारीक ड्रिलने, सुट्टीच्या वेळात, तो ११२ पर्यंत वाढवला. छिद्रात मोजमापाच्या सुया घालून तीनदा खात्री केली. पुढच्या गुरुवारी प्लग पुन्हा चहाच्या रंगाचा आला आणि खिंड सतरा मिनिटांत झाली. मी वहीत सतराच्या खाली दोन रेघा ओढल्या. वर पोचल्यावर आक्का म्हणाली होती, "बबन, हळू चालव रे. पोटातलं सगळं हलतं." ते मी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

आम्ही सगळेच या धुराच्या हवेत वाढलो. ती कायमची नसते, दोन-अडीच महिन्यांची असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ज्या हवेत आपण इंजिन बसवलं ती हवा उठून निघून जाईल, असा विचार मनात आला नाही. बाहेरच्या एखाद्या मिस्त्रीने कदाचित वेगळं केलं असतं. मला तो धूर म्हणजेच उन्हाळा वाटायचा.

ज्येष्ठ लागला. राब विझले. एका बुधवारी मी वाडीला पोचलो तेव्हा पश्चिमेकडून गार वारा सुटला होता आणि हवा इतकी स्वच्छ होती की पलीकडच्या डोंगरावरची झाडं मोजता येत होती. मला बरं वाटलं. मी फिल्टर पेट्रोलने धुतला, वाळवला, तेल लावून बसवला. गेल्या दोन महिन्यांत तो इतका स्वच्छ कधी नव्हता. प्लग बघितला नाही. गेल्या वेळी बघून तेरा दिवस झाले होते. नियम पंधराचा होता.

गुरुवारी सकाळी आभाळ भरलेलं होतं. वाडीतली सगळी माणसं भाजलेल्या तुकड्यांवर धूळपेरणीला उतरली होती, कारण पाऊस पडायच्या आत बी त्या राखेत पडलं पाहिजे. आम्ही साडेसहाला निघालो. खिंडीच्या निम्म्यावर इंजिनाचा आवाज पातळ झाला. मग एक कोरडा खट्ट आवाज आला आणि मागची चाकं जागच्या जागी आवळली. जळक्या तेलाचा वास आला. मी उतरलो, पाना काढला, प्लग उघडला. टोक चुन्यासारखं पांढरं होतं.

मला मिनिटभरात सगळं समजलं. गार, दाट हवा. धुतलेला फिल्टर. आणि धुराच्या दिवसांसाठी कमी केलेला जेट. इंजिन उपाशी पळत होतं, चढावर तापलं आणि पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटला. मी माझ्या हाताने ते तसं करून ठेवलं होतं.

मागून चालत येणारे दाजी धावत आले. त्यांनी खिंडीवरून खाली वाडीकडे हाक दिली. दहा मिनिटांत चौघं आले. हरी सगळ्यात पुढे होता, आक्काच्या शेजारच्या घरचा. कमरेला बियाण्याची पाटी तशीच होती. ती त्याने वाटेच्या कडेला दगडावर ठेवली आणि बांबू खांद्यावर घेतला. चादरीत झोपलेली आक्का त्याच्याकडे बघत होती.

"हरी, तुझी पेरणी राहिली ना रे?"

"ऱ्हाऊ दे गो वयनी. तासाभराचं काम हाय."

"आभाळ बघ."

"बघितला. तू गप पडून ऱ्हा."

चौघांनी तिला डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. परत वर जायला त्यांना दीड तास लागणार होता. कल्याणला पोचायला उशीर झाला, चार तासांच्या जागी अडीच तास मिळाले. सकाळी दहाला तिला मशीनवर घेतलं तोच जोराचा पाऊस आला. ती मशीनवर पडून काचेतून बघत होती. मला तेव्हा वाटलं, आज वाट ओली असणार, चालणाऱ्यांचे पाय घसरणार. ती काय बघत होती ते मला परतताना कळलं.

वाडीसाठी जीपमधून उतरायच्या फाट्यावर दाजी उभे होते. त्यांनी सांगितलं, चौघं परत शेतावर पोचतात न पोचतात तोच पाऊस आला, हरीची आणि आणखी एकाची पेरणी राहून गेली. पावसाने भाजलेली राख धुऊन नेली. बी आता साध्या मातीत टाकावं लागेल. वर्षभराचा पाला, शेण, मेहनत गेली. पण चौघं वाट बघत आहेत, बांबू घेऊन वर खिंडीत थांबले आहेत.

आक्का जीपमधून उतरली नाही.

"शहापूरला चल," ती ड्रायव्हरला म्हणाली.

मी म्हणालो, "आक्का, वर सगळे थांबलेत. डोली तयार आहे."

"म्हणूनच," ती म्हणाली.

दाजी जीपच्या दारापाशी उभे राहिले. त्यांनी तिला काही आग्रह केला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ते तिला ओळखत होते. "घराची चावी माझ्याजवळ हाय," एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "तुमच्याजवळच ठेवा."

मी खूप खटपट केली. बाळूने पिस्टन बाहेर काढला. सिलिंडर घासून मोठा करता येईल, दुसऱ्या गाडीचा पिस्टन बसवता येईल, असं म्हणाला. मी म्हणालो, कर. त्याने केलंही असतं. पण पावसात खिंडीची वाट ओढा होते आणि दसऱ्यानंतर आक्काला बसूनही चक्कर येऊ लागली. दिवाळीत तिने एकदाही वाडीचं नाव काढलं नाही. दाजी दर सोमवारी यायचे, येताना वालाच्या शेंगा, काकड्या असं काही आणायचे. ती विचारायची, "हरीचं भात कसं हाय?" ते म्हणायचे, "बरं हाय." बरं नव्हतं. ते दोघांनाही माहीत होतं.

मी मात्र आतून जळत होतो. कार्तिकात एका दुपारी ती मागच्या ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. बायको बाजारात गेली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. ऊन, धूर, एकशे वीस, एकशे बारा, धुतलेला फिल्टर, तेरा दिवस. मी वहीसुद्धा उघडून दाखवली. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही थांबवलं नाही.

"तुझ्या त्या आकड्यांतलं मला कळत नाय," ती म्हणाली. "चूक तर कोणाची बी होते. हरीनं मला एक शब्द बोलला नाय, मग मी तुला काय बोलू? ते मला लागलंच नाय."

"मग काय लागलं?"

तिने एक खडा बाजूला टाकला.

"गाडी थांबली तवा तू उडी मारून इंजिनाकडं वाकलास. मी वर तशीच बसल्येली. माझे पाय खाली पोचत नव्हते. मला वाटलं, आता बघेल माझ्याकडं. तू आपला पाना फिरवत होतास."

मी विचारलं, "किती वेळ?"

ती हसली. खरंच हसली, सुपावरचे तांदूळ हलले.

"घ्या! परत किती वेळ! अरे, वेडा का काय तू?"

मग ती पुन्हा निवडायला लागली. मी वही मिटली. त्या दुपारनंतर आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. बोलायला फार दिवसही नव्हते. पौषात ती गेली, आमच्याच घरी. वाडीला तिला नेताना चौघांच्या जागी वीस माणसं खाली रस्त्यापर्यंत आली होती.

आता त्या खिंडीतून डांबरी रस्ता गेला आहे. जीप सात-आठ मिनिटांत वाडीला पोचते. मी पहिल्यांदा तिथून गेलो तेव्हा घड्याळ बघितलं नाही.

काढलेला पिस्टन मी त्या वेळी कारखान्यात नेऊन मोजला होता. धूर बाहेर जातो त्या अंगाला तीन ओरखडे, सगळ्यात लांब चौदा मिलिमीटर, खोली एक दशांशाहून थोडी कमी. हे मला आजही वहीत न बघता सांगता येतं. त्या सकाळी आक्काने कुठलं लुगडं नेसलं होतं, हे मात्र मला सांगता येत नाही. ती माझ्या मागे होती.

गेल्या वर्षी दाजींकडे गेलो होतो. आता ते थकलेत, कमी ऐकू येतं. अंगणात बसलो होतो, हरीच्या मुलाचा राब धुमसत होता. मी मोठ्याने विचारलं, त्या दिवशी तुम्ही मागून धावत आलात तेव्हा ती कशी बसली होती? मला वाटलं, त्यांना आठवणार नाही. त्यांनी लगेच सांगितलं.

"हात लांब करून बसली होती. तुला हात लावायला बघत होती. पण तू खाली वाकल्येला ना, तुझ्या पाठीपर्यंत तिचा हात पोचत नव्हता."